घरातल्या माणसाचे व्यसन ओळखताना

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या या मेळाव्यात दरवर्षी निकालाची टक्केवारी, शिष्यवृत्त्या आणि दहावीनंतर पुढे काय, या विषयांवर भाषणे होतात. ती व्हायलाच हवीत. यंदा मात्र मी एक वेगळा विषय अध्यक्षसाहेबांकडून मागून घेतला. विषय अप्रिय आहे आणि सणासारख्या दिवशी तो काढणे काहींना रुचणारही नाही. पण ज्या घरात हे दुखणे शिरले आहे, त्या घराला सणवार उरत नाहीत, हे मी अनुभवाने सांगू शकतो. विषय आहे गर्द, नशेच्या गोळ्या आणि खोकल्याच्या औषधाचे व्यसन. आपल्या घरातल्या माणसाला ते लागले आहे, हे आपण कसे ओळखावे?

प्रथम हे पदार्थ कोणते, ते पाहू. अफूच्या बोंडाच्या चिकातून अफू मिळते. अफूपासून मॉर्फिन आणि कोडीन मिळते. मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया करून हेरॉईन तयार होते. बायर या जर्मन कंपनीने १८९८ साली हेरॉईन खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले होते आणि त्याची सवय लागत नाही, असा त्या वेळी समज होता. त्याच हेरॉईनचा अशुद्ध, तपकिरी प्रकार आपल्याकडे ‘ब्राऊन शुगर’ किंवा ‘गर्द’ म्हणून ओळखला जातो. ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल यांसारख्या वेदनाशामक गोळ्या कारखान्यात बनतात, पण मेंदूवरचे त्यांचे काम बरेचसे अफूसारखेच असते. कोडीन घातलेली खोकल्याची औषधेही याच घराण्यातली. म्हणजे रस्त्याच्या कडेला पन्नीवर धूर ओढणारा गर्दुल्ला आणि दुकानातून गुपचूप गोळ्यांची पट्टी आणणारा आपला सुशिक्षित मुलगा, हे दोघे एकाच आजाराचे रोगी असू शकतात.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून देशभर पाहणी करून घेतली. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गातील पदार्थ घेत होते आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाख लोकांना मदतीची गरज होती. अशा गरजूंची संख्या मोठी असलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. तेव्हा ‘आपल्या समाजात असले काही नाही’ हे समाधान आपण सोडून द्यावे.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. ज्याची ही गोष्ट आहे त्याची परवानगी घेऊन सांगत आहे.

माझा धाकटा भाऊ २०२१ च्या पावसाळ्यात मोटारसायकलवरून पडला. पायाचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी काही दिवसांसाठी दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यात डॉक्टरांची काहीही चूक नव्हती. हाड जुळले, काठी सुटली, पण गोळी सुटली नाही. कुठल्याशा दुकानातून जुन्या चिठ्ठीवर, पुढे चिठ्ठीशिवायही त्याला ती मिळत राहिली.

२०२२ चा रमजान एप्रिलमध्ये आला. उन्हाळ्याचे लांब रोजे. माझा भाऊ सहेरीला व्यवस्थित उठे. दुपारपर्यंत ठीक असे. असरच्या सुमारास त्याला जांभयांवर जांभया येऊ लागत. नाक गळे, डोळ्यांतून पाणी येई, भर उन्हाळ्यात अंगावर काटा उभा राही. पाय दुखतात म्हणून तो कुशी बदलत पडून राही. अम्मी म्हणे, “अशक्त झालाय, रोजा झेपत नाही त्याला.” इफ्तार झाले की तो बाहेर पडे आणि तासाभराने परत येई तो टवटवीत होऊन. आम्हाला वाटे, खजूर आणि सरबत पोटात गेले, म्हणून तरतरी आली.

त्याच काळात तो संडासात फार वेळ बसे. अम्मी त्याच्यासाठी इसबगोल आणी. जेवताना घास हातात धरून त्याची मान खाली जाई. मी म्हणे, “रात्रभर मोबाईल बघतोस, म्हणून झोप येते.” तो सारखा नाक आणि मान खाजवी. अम्मी म्हणे, उष्णता झाली. पंचवीस वर्षांचा हा तरुण चिडखोर झाला होता. शेजारी म्हणत, लग्नाचे वय झाले.

पालकहो, लक्षात घ्या. आम्हाला सर्व काही दिसत होते. प्रत्येक गोष्टीला आम्ही दुसरे, सोयीचे नाव देत होतो. एकेक नाव वेगळे घेतले तर खोटेही वाटत नव्हते. मी विज्ञानाच्या तासाला मुलांना ‘निरीक्षण करा, नोंद करा, मग अनुमान काढा’ असे शिकवतो. माझ्या घरात निरीक्षण होते. नोंद नव्हती, म्हणून अनुमानही निघाले नाही.

ईदच्या दोन दिवस आधी अम्मी उशांचे अभ्रे धुवायला काढत होती. त्याच्या उशीतून गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या निघाल्या. मोजल्या, तर एकतीस भरल्या. अम्मीने त्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, “कोणाला सांगू नकोस. बहिणीचं ठरतंय.” मी त्या पट्ट्या माझ्या बी.एड.च्या जुन्या वह्यांच्या ट्रंकेत ठेवल्या. भावाला रागावलो, शपथ घ्यायला लावली आणि त्याला मुंबईला मामांकडे कामाला पाठवून दिले. जून महिन्यात आमच्या शाळेत अमली पदार्थ विरोधी दिन झाला. त्या दिवशी व्यसनमुक्तीवर भाषण करणारा शिक्षक मीच होतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पट्ट्या ट्रंकेतच होत्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची मूठ आठ महिने झाकलेली होती. तेवढ्या काळात मुंबईत माझा भाऊ गोळ्यांवरून गर्दवर गेला. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. त्याआधी, आम्ही जे वेळेवर जुळवले नाही ते आपल्यासमोर नीट मांडतो. ही लक्षणे मी नंतर डॉक्टरांकडून समजून घेतली आहेत.

पहिली लक्षणे नशा चढलेली असतानाची. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, कधी कधी टाचणीच्या टोकाएवढ्या. मंद प्रकाशात आपल्या बाहुल्या मोठ्या होतात, त्याच्या बारीकच राहतात. गोळ्यांच्या व्यसनात ही खूण दर वेळी इतकी स्पष्ट दिसेलच असे नाही. बसल्या जागी डुलकी लागते, बोलता बोलता वाक्य अर्धे राहते, आवाज जड होतो. अंगाला, विशेषतः नाकाला, खाज सुटते. बद्धकोष्ठ होते, भूक मंदावते. दारूचा वास येतो, पण गोळीला असा वास नसतो. “तोंडाला वास येत नाही, म्हणजे व्यसन नाही,” असे मानणारे कितीतरी आईबाप येथेच फसतात.

दुसरी लक्षणे नशा उतरतानाची. जांभया, शिंका, नाक-डोळ्यांतून पाणी, घाम, अंगावर शहारे, हातपाय मोडून आल्यासारखे दुखणे, पोटात कळा, जुलाब, उलट्या, झोप नाहीशी होणे आणि विलक्षण बेचैनी. बाहुल्या आता उलट मोठ्या होतात. गर्द घेणाऱ्याला शेवटच्या वेळेनंतर साधारण आठ ते बारा तासांत हा त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सर्वाधिक असतो आणि आठवड्याभरात बराचसा ओसरतो. दिसायला हे सर्व सर्दीतापासारखे असते. खूण ही, की हा ‘ताप’ पुन्हा पुन्हा येतो आणि तासभर बाहेर जाऊन आले की अचानक बरा होतो.

तिसरी लक्षणे वस्तूंची. जळल्याचे तपकिरी-काळे ओघळ असलेले चांदीच्या कागदाचे तुकडे, कागदाच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळ्या, गुंडाळलेली नोट, गरजेपेक्षा जास्त काडेपेट्या व लायटर, बोटांवर भाजल्याचे डाग, रिकाम्या गोळ्यांच्या पट्ट्या, खोकला नसताना खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या. सुईने घेत असेल तर हातावर टोचल्याच्या खुणा आणि त्या झाकण्यासाठी भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे.

चौथी लक्षणे वागण्याची. जुने मित्र सुटतात, नवे मित्र उंबरठ्याच्या आत येत नाहीत. पैसे कमी पडतात, मग घरातले पैसे, मग तांब्यापितळेची भांडी, मोबाईल, दागिना. प्रत्येक वेळी कारण तयार असते. शाळेतला मुलगा असेल तर पहिल्या तासाला गैरहजर, मधल्या सुट्टीनंतर गायब, वहीतले अक्षर बिघडलेले, खेळाची आवड गेलेली.

आता एक सावधगिरीची सूचना. यांपैकी एखादे लक्षण दिसले म्हणून कोणावर आळ घेऊ नका. वाढत्या वयातली मुले चिडतात, खोलीचे दार लावून घेतात. खरोखरच सर्दी होते, खरोखरच रोजा लागतो. म्हणून माझी विनंती अशी की, संशय आला तर साधी शंभर पानी वही घ्या. दोन आठवडे तारीख आणि वेळ घालून फक्त दिसले तेवढे लिहा. ‘मंगळवार, संध्याकाळी पाच, जांभया व नाक गळणे, सहाला बाहेर, सातला बरा.’ मत लिहू नका, शिवी लिहू नका. चार प्रकारची लक्षणे एकाच पानावर येऊ लागली, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांना तिचा उपयोग होईल आणि तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला बळ मिळेल.

आणखी एक गोष्ट. हा रोग तरुण मुलांचाच आहे, असे समजू नका. कंबरदुखीसाठी वर्षानुवर्षे एकच गोळी मागवणारी आई, किंवा शस्त्रक्रियेनंतर ‘ती गोळी’ संपली की कासावीस होणारे वडीलही यात सापडू शकतात. त्यांनी नशा मागितलेली नसते. उलट बाजूही सांगतो. कर्करोगाच्या रुग्णाला डॉक्टर वेदनेसाठी मॉर्फिन देतात, ते योग्य आहे. भीतीपोटी ते बंद करून आपल्या माणसाला तळमळत ठेवू नका. औषध वाईट नाही. देखरेख सुटली की ते घात करते.

लक्षात आल्यावर आपण काय करतो? मारतो. कोंडतो. तावीज बांधतो. ‘लग्न झाले की सुधारेल’ म्हणून एका निरपराध मुलीला त्या विहिरीत लोटतो. किंवा आखाती देशाचा व्हिसा काढतो. आपल्या भागातल्या घरोघरचा हा उपाय आहे, म्हणून मुद्दाम सांगतो: संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉल हे नियंत्रित औषध आहे. योग्य कागदपत्रांशिवाय ते सोबत नेणे हा गुन्हा ठरतो. मुलाला सुधारायला पाठवून तुरुंगात पाठवल्यासारखे होईल. दुवा जरूर मागा, पण दुवेबरोबर दवाही हवी.

मग करावे काय? तो नशेत असताना किंवा तळमळत असताना वाद घालू नका. शांत वेळ पाहून, घरातल्या ज्या माणसाचे तो ऐकतो त्याने बोलावे. ‘तू खानदानाचे नाव बुडवलेस’ असे न म्हणता ‘या महिन्यात मी हे आणि हे पाहिले, मला तुझी काळजी वाटते, आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ’ असे म्हणावे. रोख पैसे हातात देऊ नका आणि त्याची उधारी गुपचूप फेडत बसू नका. पण जेवणाचे ताट आणि घराचे दार बंद करू नका.

जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात जा. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण हे केंद्र गर्दच्या रुग्णांसाठीच प्रथम उघडले गेले. त्या काळी मुंबई-पुण्यातली तरुण मुले गर्दला बळी पडत होती. जेथे मारहाण होते, साखळीने बांधतात, नातेवाइकांना भेटू देत नाहीत, अशा ठिकाणी मात्र आपला माणूस सोडून येऊ नका.

डॉक्टर कदाचित ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे देतील. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असे म्हणून ते बंद करू नका. त्याने तळमळ थांबते, माणूस कामाला जातो आणि जीव जाण्याचा धोका कमी होतो. पोलिसांची भीती वाटत असेल तर हेही माहीत असू द्या: १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, जो व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतो, त्याला सेवनाच्या व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण दिलेले आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतले जाऊ शकते.

आता माझ्या भावाची गोष्ट पुरी करतो. डिसेंबर २०२२ मध्ये तो हाडांचा सापळा होऊन गावी परतला. मला सारे कळून चुकले होते. तरीही आम्ही डॉक्टर गाठला नाही. त्याने घरातच दात-ओठ खाऊन तो आठवडा काढला आणि तीन आठवडे काहीही घेतले नाही. अम्मीने शुक्रान्याच्या नमाजा पढल्या. मग जानेवारीत तो राहिलेला पगार आणायला म्हणून मुंबईला गेला आणि दुसऱ्या दिवशी परतला. त्या रात्री त्याच्या खोलीतून मोठ्याने घोरण्याचा, घरघरीचा आवाज येऊ लागला. अम्मी मला म्हणाली, “कित्येक महिन्यांनी गाढ झोपलाय. उठवू नकोस.”

खोलीतला दिवा चालू होता, तो बंद करायला मी गेलो. त्याचे ओठ निळे पडले होते. श्वास इतक्या अंतराने येत होता की मध्ये मला माझेच श्वास ऐकू येत होते. हाक मारली, हलवले, तो उठेना. मी १०८ ला फोन केला. फोनवर सांगितल्याप्रमाणे त्याला कुशीवर वळवले. रुग्णालयात डॉक्टरांनी नॅलॉक्सोनचे इंजेक्शन दिले आणि थोड्याच वेळात तो डोळे उघडून बघू लागला.

डॉक्टरांनी मला समजावले ते आपण सर्वांनी पाठ करून ठेवा. काही दिवस नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. त्यानंतर पूर्वीचेच प्रमाण घेतले तरी श्वास थांबू शकतो. म्हणून व्यसनमुक्ती केंद्रातून, रुग्णालयातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यानंतरचे दिवस फार धोक्याचे असतात. निळे ओठ, मंद श्वास, घरघर आणि हाकेला ओ नाही, ही झोप नव्हे. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि काय घेतले ते लाज न धरता सांगा. ट्रॅमाडॉल जादा झाल्यास फिटही येऊ शकते.

मग डॉक्टरांनी कागद पुढे ओढून विचारले, “घरी केव्हापासून माहीत आहे?” अम्मीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “आठ महिन्यांपासून.” त्यांनी काही न बोलता तो आकडा लिहून घेतला. इतकी वर्षे मी मुलांच्या वह्यांवर शेरे मारत आलो आहे. त्या कागदावरचा तो आकडा मला माझ्यावर मारलेला शेरा वाटला.

२०२३ पासून माझा भाऊ उपचाराखाली आहे. मध्ये दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्याने स्वतः येऊन सांगितले, “भाई, चल डॉक्टरांकडे.” आज तो वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतो. बहिणीचे लग्नही झाले. मुलाकडच्यांना आम्ही सर्व खरे सांगितले होते. ज्या भीतीने आम्ही मूठ झाकली, ती भीतीही खरी ठरली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. तुमच्या वर्गातला एखादा मित्र यात अडकला आहे, हे आम्हा शिक्षकांच्या आधी तुम्हाला कळते. ते सांगणे म्हणजे चहाडी नव्हे. बुडणाऱ्याच्या नावाने हाक मारणे म्हणजे चहाडी होते काय? आणि ज्याला स्वतःला हे लागले असेल, त्याने माझ्याकडे यावे. मी उपदेश करणार नाही. मी त्याच्याबरोबर रुग्णालयाच्या रांगेत उभा राहीन. त्या रांगेची मला सवय आहे.

पालक बंधू-भगिनींनो, आज घरी गेल्यावर मुलांच्या उशा तपासू नका. त्यांच्या समोर बसून एक वेळचे जेवण करा, मोबाईल बाजूला ठेवून. त्यांच्या डोळ्यांत पाहा. आणि काही दिसले, तर त्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखा. अल्लाह आपणा सर्वांच्या घरांना आफियत देवो, अशी दुवा करून मी आपली रजा घेतो.